बिनकुटाचं घर

"भाजी छान झालीय" हे वाक्य भास्करदादा कदमांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. भाजी छान झालेली नसायची, असं मुळीच नाही. मी नागपूरची आहे आणि स्वयंपाकाच्या बाबतीत नम्रता वगैरे मला परवडत नाही. पण दादांना "कशी झालीय?" असं विचारलं की ते तोंडातला घास शांतपणे संपवायचे, छताकडे बघायचे आणि सांगायचे, "मीठ कमी आहे. तेल जास्त आहे. वांगं चांगलं शिजलंय." तिन्ही गोष्टी खऱ्या असायच्या. त्याचाच तर राग यायचा.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आम्ही राहायला आलो ते दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. नवरा सकाळच्या ट्रेननं न्यूयॉर्कला जायचा, माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि टाउनहाउसची मधली भिंत इतकी पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता याव्यात. शिट्ट्यांपाठोपाठ "अगं, गॅस बंद कर" असंही ऐकू आलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी वांग्याची भाजी डब्यात घालून मी शेजारचं दार वाजवलं.

दार उघडलं एका उंच, किडकिडीत माणसानं. त्यांनी नाव विचारलं नाही, की "या" म्हटलं नाही. डब्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "कूट?"

"आहे ना! कुटाशिवाय वांगं कोण करतं?" मी म्हटलं.

ते चटकन बाहेर पायरीवर आले आणि दार मागे ओढून घेतलं. "माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाणे घरात येऊ देत नाही आम्ही. माणसं येऊ देतो." मग त्यांची नजर पुन्हा डब्यावर गेली आणि आवाज बदलला. "पण मी सांगलीचा आहे हो."

त्या दिवशी त्यांनी ती भाजी माझ्या ओट्यापाशी उभं राहून पोळीबरोबर खाल्ली. सगळी खाल्ली. मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग सिंकपाशी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, खळखळून चुळा भरल्या, पुन्हा साबण लावला. पाहुणा असा हात धुताना मी कधी पाहिला नव्हता. "नुसत्या पाण्यानं दाणा जात नाही," ते म्हणाले. "तेल असतं त्यात. साबणच लागतो."

तेव्हापासून शनिवार सकाळ त्यांची माझ्याकडे ठरलेली. येताना बाहेरचा शर्ट काढून माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला एक जुना निळा शर्ट चढवायचा, दाण्याची चटणी नाहीतर खिचडी खायची, हात धुवायचे, शर्ट बदलायचा आणि घरी जाऊन आधी अंघोळ. त्याआधी मुलीला, जुईला, जवळ घ्यायचं नाही. माझा नवरा त्या शर्टाला दादांचं सोवळं म्हणायचा. दादा हसायचे नाहीत. "बरोबर आहे. फक्त दिशा उलटी आहे," असं म्हणायचे.

जुई तेव्हा नऊ वर्षांची होती. दोन वेण्या, कमरेला एक छोटी पिशवी, पिशवीत दम्याचा पंप आणि ॲड्रेनलिनचं पेन. मांडीत टोचायचं असतं ते. मला ती पहिल्याच भेटीत म्हणाली, "वैशालीमावशी, इफ आय फॉल डाउन, यू जॅब मी हिअर. ओके?" आणि मांडीवरची जागा दाखवली. इतर मुलं पाहुण्यांना कविता म्हणून दाखवतात, हिनं हे दाखवलं.

दादा एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचे आणि तिथेही याच्याच मागे होते. ॲलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशी वाढवायच्या, त्यांना डिवचायचं आणि त्या काय करतात ते बघायचं. घरी मुलगी, कामावर तिचा शत्रू, असं मी एकदा म्हटलं तर लगेच दुरुस्ती आली, "शत्रू नाही. तिच्याच पेशी आहेत त्या."

अशा दुरुस्त्या ते सगळ्यांच्याच करत. "साधारण", "जवळपास", "कधीकधी" हे शब्द त्यांना चालत नसत. "कधीकधी म्हणजे कधी?" असं विचारून समोरच्याला घाम फोडायचे. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात कुणी हौसेनं काम केलं आणि विचारलं, "कसं झालं?", तर दादा सांगायचे, "पहिल्या अंकात वाईट. दुसऱ्यात बरं." माणसं दुखावायची. नीलिमावहिनी, दादांच्या पत्नी, गावच्या लायब्ररीत कामाला होत्या. त्या मागाहून फोन करून सगळ्यांची समजूत काढायच्या. जुईचा पहिला दात पडला तेव्हा इकडच्या रिवाजाप्रमाणे उशीखालचं नाणं परीनं ठेवलं असं सांगायचं वहिनींनी ठरवलं होतं. दादांनी चार मिनिटंसुद्धा कळ काढली नाही. म्हणाले, "मी ठेवलं." वहिनी ते आठवून कपाळावर हात मारायच्या.

मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाची रांग सुरू व्हायच्या आधी दादा टेबलापाशी उभे असायचे. प्रत्येक पातेल्यामागच्या बाईला एकच प्रश्न, "कूट?" त्यांना लोक कूट इन्स्पेक्टर म्हणायचे. "दाणे आहेत का?" असं ते कधीच विचारत नसत, आणि त्यात त्यांचा अनुभव होता. दाणे आहेत का विचारलं तर आपली बाई प्रामाणिकपणे "नाही" सांगते. काकडीच्या कोशिंबिरीत, भेंडीत, कशाकशात मूठभर कूट आपोआप पडलेलं असतं, पण ते तिच्या हिशेबी नसतं. कूट हा आपल्याकडे पदार्थ नाहीच, हाताला लागलेली सवय आहे. तो प्रश्न ऐकून बायका थबकायच्या, पातेल्यात बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, हो की!" जुईचं ताट दर वेळी घरून यायचं ते त्यामुळेच.

एका गणपतीत शाळेच्या कॅफेटेरियात एक काका जेवताजेवता म्हणाले, "एवढ्याशा दाण्यानं काय होतंय हो? आम्ही लहानपणी खिसे भरभरून खायचो." झालं. दादांनी हातातली थाळी खाली ठेवली.

"वैशाली, इकडे ये. पदर धर." मी पदराची ओटी केली. त्यांनी भेळेच्या टेबलावरून कुरमुऱ्यांची पिशवी उचलून माझ्या ओटीत रिकामी केली. "ही मास्ट पेशी," त्यांनी जाहीर केलं. "ही रक्तात हिंडत नाही. कातडीत, नाकात, घशात, आतड्यात, जिथून बाहेरचं कुणी आत शिरू शकतं अशा दारांपाशी ही बसलेली असते. ओटी भरून." लोक हसायला लागले. दादांनी दोन मुलांना माझ्या डाव्या-उजव्या बाजूला उभं करून त्यांना एकेक हात पुढे करायला लावला. "या अँटिबॉडी. एरवी शरीर त्या बनवतं जंतूंना पकडायला. पण काही जणांचं शरीर दाण्यासाठी एका वेगळ्या जातीच्या अँटिबॉडी बनवतं. त्या येऊन हिच्या अंगावर बसतात, अशा, हात पसरून. आता दाणा."

दाणा व्हायला जुईच पुढे आली. डोक्यावर कागदी द्रोण उपडा घातला होता.

"पहिल्या वेळी दाणा आला तेव्हा काय झालं? काही नाही. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. फक्त ओळख होते आणि हे हात तयार होतात. घरच्यांना पत्ता नसतो. आता दुसरी भेट. जुई, एकाच हाताला धर." तिनं धरला. "काही नाही. आता शेजारचे दोन हात एकदम धर."

जुईनं दोघांचे हात पकडले. दादा ओरडले, "ओत!"

मी ओटी सोडली. सगळ्या कॅफेटेरियाभर कुरमुरे झाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा मात्र हसत नव्हते. "हे हिस्टामिन आणि त्याची भावंडं. एकीनं ओतलं तर पुरळ येतं, शिंका येतात. अंगातल्या सगळ्या जणींनी एकदम ओतलं तर रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात. त्याला वेळ फार लागत नाही. आणि दाणा केवढा होता हे त्या विचारत नाहीत."

"म्हणजे वैशालीच व्हिलन!" कुणीतरी वातावरण हलकं करायला म्हटलं.

"नाही," दादा म्हणाले. "ती राखणदार आहे. बहुधा जंतांसारख्या घुसखोरांसाठी तिला तिथे बसवलेलं आहे. तिला वाटतं, ती घर वाचवतेय. तिचा हेतू वाईट नाही. तिची ओळखण्यात चूक होते."

"बाबा, यू मेड मी द पीनट," जुई द्रोण काढत म्हणाली. "दॅट्स सो मेस्ड अप." आणि खो खो हसत सुटली. कुरमुरे झाडायला मग दादा आणि मीच उरलो.

प्रयोगशाळेत त्यांची धडपड चालली होती ती या हातांना मास्ट पेशीवर बसण्याआधीच पकडणारी दुसरी अँटिबॉडी करण्याची. चोरावर मोर, मी म्हणायचे, आणि या एका बाबतीत त्यांना माझी भाषा पसंत होती. तशा तऱ्हेचं औषध दम्यासाठी आलं होतं. दाण्यासाठी त्यांना स्वतःचं करायचं होतं. जुई बारा-तेरा वर्षांची झाली तशी तिची त्याबद्दलची चौकशी वाढली. तिला जग जिंकायचं नव्हतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा न विचारता खायचा होता. एकदा माझ्या पायरीवर बसून ती बापाला विचारत होती, "बट व्हॉट डज इट टेस्ट लाइक?" दादांनी बराच विचार केला. "आधी थोडं मातीसारखं," ते म्हणाले. "भाजलेलं असलं तर मग गोड. शेवटी तेल जिभेवर राहतं. खूप चांगलं असतं, जुई." मुलीचं मन राखायला "काही विशेष नसतं" असं कुणीही म्हटलं असतं. त्यांना नाही जमलं.

दोन हजार पाचमध्ये कंपनीनं तो प्रकल्प बंद केला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, शनिवार नसताना. "औषध चालत नाही म्हणून नव्हे," ते म्हणाले. "त्यांना आता दुसरं काहीतरी करायचंय." मी विचारलं, जुईला काय सांगणार? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांनी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "सो नॉट इन हायस्कूल." ते म्हणाले, "नाही." भिंतीपलीकडून मला तिचं रडणं ऐकू आलं. औषध येईल तोवर तिला जपायचं, एवढं एकच काम त्या घरापुढे उरलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सांगलीहून दादांच्या आई आल्या. माई. लहानशा, गोऱ्या, कपाळावर गोंदण. विमानतळावरच दादांनी त्यांच्या बॅगेतून दाण्याची चटणी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी सोबत होते, मला वाईट वाटलं. माईंना नाही वाटलं. "नातीहून चटणी मोठी आहे होय रे?" त्या म्हणाल्या. आणि त्या घराचा नियम त्यांच्याइतका कडक कुणीच पाळला नाही. माझ्याकडे आल्या तरी आधी विचारायच्या, "वैशाली, ही खुर्ची दाण्याची की बिनदाण्याची?"

एकच गोष्ट दादांना आवडायची नाही. माई जुईला हातानं भरवायच्या. चौदा वर्षांची, दातांना तारा लावलेली मुलगी, डोळे फोनवर आणि तोंड आजीपुढे उघडलेलं. "आई, चमचा आहे," दादा म्हणायचे. "तुला चौथीपर्यंत भरवलंय मी, तेव्हा कुठे होता रे चमचा?" माई म्हणायच्या. जुईला मराठी बेताचंच यायचं, पण "आजी, भरव" हे दोन शब्द ती अगदी सांगलीसारखे उच्चारायची.

जुलैतली एकादशी होती. मी दुपारी भांडी लावत होते आणि भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली, "जुई! जुई!" तसली हाक मी त्या घरातून कधी ऐकली नव्हती. धावत गेले. जुई स्वयंपाकघरात जमिनीवर होती, ओठ सुजलेले, श्वासाला शिट्टी. पेन मांडीत टोचून झालेलं होतं. "मला वाटलं दमाच आहे, म्हणून आधी पंप दिला," वहिनी सारखं म्हणत होत्या. "आपल्या घरात कुठून येणार? वैशाली, आपल्या घरात कुठून येणार?" ॲम्ब्युलन्स आली. दुसरं इंजेक्शन ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिथेच दिलं. वहिनी तिच्याबरोबर गेल्या, दादा प्रयोगशाळेतून परस्पर हॉस्पिटलात निघाले. मी माईंपाशी राहिले.

माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण मणी पुढे सरकत नव्हते. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, आपल्या खोलीतून एक छोटा स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. "तू एकादशी करतेस ना? पोटात काही नसेल तुझ्या. हा घे. पण इथे उघडू नको हं. तुझ्या घरी जाऊन खा."

झाकण सैल होतं. वासावरूनच मला कळलं. दाण्याचा लाडू.

तेवढ्यात दारात दादा आले. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. त्या घरात तो वास इतक्या वर्षांत शिरलेला नव्हता.

"आई, हे काय?"

"एकादशीचा प्रसाद. देवळात भजनातल्या बाईंनी दिला. प्रसाद का टाकायचा असतो? म्हणून म्हटलं, घरात राहायला नको. माझ्या खोलीत दार लावून मीच खाऊन टाकले. हा एक गेला नाही. मग हात धुतले हो मी, चांगले पाण्यानं धुतले." त्या घाईनं पुढे सांगायला लागल्या. "मग पोर आली, म्हणाली आजी भरव. दहीभात कालवला. चार घास खाल्ले, म्हणाली घसा खाजतो. कशी आहे रे आता?"

दादांची नजर सिंककडे गेली. तिथे साबणाची बाटली होती.

"आई, जुई गेली," ते म्हणाले.

माई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि तळव्याकडे बघायला लागल्या. "कशानं?" त्या म्हणाल्या. "भास्कर, कशानं रे? माझ्या..."

"ब्रेड," दादा म्हणाले.

ते इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. मग ते खाली बसले आणि आईचा तो हात दोन्ही हातांत धरला. "सकाळी तिनं ब्रेड खाल्ला होता ना. दुकानातला. कारखान्यात त्याच यंत्रावर दाण्याचंही काहीतरी करतात. त्यातून आलं. डॉक्टरांनी सांगितलं. तू हात धुतले होतेस. तुझ्या हाताला काही नव्हतं. शेवटचा घास तिच्या पोटात तुझ्या हातचा गेला, ते बरं झालं, आई."

माई तेव्हा रडल्या. ब्रेडला शिव्या देत, त्या देशाला शिव्या देत, मोठ्यानं रडल्या. शिव्या द्यायला काहीतरी मिळालं होतं.

दादा डबा उचलून माझ्या घरी आले. मी मागोमाग गेले. त्यांनी लाडू कचऱ्यात टाकला, सिंकपाशी गेले, साबण घेतला आणि सवयीनं कोपरापर्यंत हात चोळायला लागले. मध्येच थांबले. हाताला फेस तसाच, नळ वाहतोय. "आता कशाला?" ते म्हणाले. मी नळ बंद केला. जाताना दारात वळून म्हणाले, "वैशाली, ब्रेड होता."

"हो दादा," मी म्हटलं. "ब्रेड होता."

वहिनींना त्यांनी खरं सांगितलं. ते मला पुढे वहिनींकडूनच कळलं, आणि तेव्हा त्या माईंच्या केसांना तेल लावून आल्या होत्या. मी काही संत नाही. माझ्याच्यानं झालं नसतं. त्या बाईनं मात्र ते केलं, रोज केलं, आणि कधीतरी माझ्या सोफ्यावर येऊन उशीत तोंड खुपसून ओरडून गेली.

खोटं बोलणं एका वाक्यात संपत नाही, हे दादांना माहीत असायचं कारणच नव्हतं, आयुष्यात सवय नव्हती. लोक भेटायला यायचे आणि माई प्रत्येकाला ब्रेडची हकिकत सांगायच्या. मंडळातल्या एका डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ब्रेड सकाळी आणि रिॲक्शन दुपारी? एवढा गॅप?"

दादांनी माईंकडे बघितलं. "होतं कधीकधी," ते म्हणाले.

कधीकधी. मी चहाचे कप उचलून आत गेले, मला तिथे बसवेना.

मग केसचं निघालं. ओळखीतल्या एकांचा इथेच जन्मलेला मुलगा वकील होता, कळकळीनं घरी आला. "अंकल, यू हॅव अ स्ट्राँग केस. ब्रेड कंपनीला आपण सोडायचं नाही. आय वोंट चार्ज यू." दादा नको म्हणाले. का नको, ते त्यांना सांगता येईना. केस म्हणजे तपासणी, तपासणी म्हणजे त्या दिवशी घरात काय काय होतं त्याची चौकशी, आणि चौकशीच्या शेवटी माईंचा हात. शिवाय त्या बिचाऱ्या ब्रेडनं काहीही केलेलं नव्हतं. गावात कुजबुज सुरू झाली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पोटच्या पोरीसाठी कोर्टात उभा राहत नाही. भित्रा. थंड रक्ताचा. माझ्यासमोर एक बाई असं म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्यावर इतकी खेकसले की त्या पुढे वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण खरं मला बोलता येत नव्हतं. आता माई नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. लिहू का, असं दादांना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, "झालं तेवढंच लिही."

त्यानंतर ते माझ्याकडे दाणे खायला कधी आले नाहीत. निळा शर्ट दारामागेच राहिला. मास्ट पेशींचं कामही त्यांनी सोडलं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यांच्यावर राग नाही गं. त्यांना वाटलं, त्या तिला वाचवताहेत." मग म्हणाले, "आईनंही लाडू खाल्ले ते तिला वाचवायलाच."

माईंनी त्यानंतर कुणाला भरवलं नाही. ब्रेडवर विश्वास ठेवूनही नाही. भात कालवायच्या, चमचा घालून वाटी पुढे सरकवायच्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थोडा वळायचा, थरथरायचा. सांगलीला कुणी उरलं नव्हतं, त्या इथेच राहिल्या.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात दादांना ॲरिझोनात चँडलरला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि त्यांनी घर विकलं. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक सकाळीच गेला होता. वहिनी गाडीत पिशव्या लावत होत्या. रिकाम्या स्वयंपाकघरात माझ्या दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या होत्या, एकीवर माई. मी घरून भात आणि दही आणलं होतं, आणि माईंनी हट्टानं ते मागून घेऊन त्या वळत्या हातानं कालवलं होतं. वाटेत भास्करला भूक लागेल म्हणून. "चव बघ गं," त्या मला म्हणाल्या. मी बोटावर घेऊन बघितली. मीठ घालायलाच विसरल्या होत्या. सांगणार होते, तेवढ्यात दादा आत आले.

माईंनी वाटीत चमचा घातला आणि पुढे केली. दादांनी वाटी घेतली नाही. पन्नाशीला आलेला तो उंच माणूस आईच्या खुर्चीपुढे जमिनीवर मांडी घालून बसला.

"आई, भरव," ते म्हणाले.

माईंनी मान हलवली, नको म्हणून. दादांनी चमचा काढून खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मग माईंचा हात वाटीत गेला. बोटं नीट जुळत नव्हती. निम्मा घास दादांच्या शर्टावर सांडला, उरलेला तोंडात गेला. दादांनी तो शांतपणे खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मी दारापाशी उभी होते.

"मीठ बरोबर आहे का रे?" माईंनी विचारलं.

दादांनी तोंडातला घास संपवला. छताकडे बघितलं नाही, आईकडेच बघत होते.

"अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "छान झालाय."